कॅज्युअल्टीच्या पायरीपर्यंतची वाट

लोंढा जंक्शनवरून रूळ तीन बाजूंना फुटतात. एक खानापूरवरून बेळगावला आणि पुढं मिरज-पुण्याला जातो, दुसरा अळणावरवरून धारवाड-हुबळीला, तिसरा कॅसलरॉकचा घाट उतरून गोव्यात. या जंगलपट्ट्यातल्या माणसाला रात्री-अपरात्री काही झालं तर यातलीच एक दिशा धरावी लागते. साप चावला, हाड मोडलं, बाळंतीण अडली तर कुठं धावायचं हे घराघरात ठरलेलं असतं. पण घरातलं माणूस अचानक बिथरलं, चार रात्री डोळ्याला डोळा लागला नाही, भिंतीशी बोलायला लागलं किंवा जीव नकोसा होऊन औषध प्यायलं, तर? वाटा त्याच तीन. फक्त त्या धरायला उशीर होतो, कारण आधी देवाला गाऱ्हाणं घातलं जातं, अंगारा लावला जातो, दोन दिवस वाट पाहिली जाते.

साथ आली की नेमक्या या वाटा पहिल्यांदा बंद होतात, आणि मनं बिथरण्याचे दिवसही तेच असतात. प्लेग, मानमोडी आणि कोरोना या तीन मोठ्या साथी या रुळांवरून गेल्या. तिन्ही वेळा मनाचा आकांत दवाखान्याच्या दारात उशिरा पोहोचला, आणि पोहोचला तो शरीराच्या दुखण्याचं नाव घेऊन. कधी ताप म्हणून, कधी दम म्हणून, कधी ‘चुकून पोटात गेलं’ म्हणून. त्याचा हा मागोवा.

फौजदार आधी, डॉक्टर मागाहून

धारवाडला वेड्यांचं इस्पितळ १८४५ पासून आहे. बेळगाव-खानापूरकडं ‘याला धारवाडला न्यायला पाहिजे’ एवढं म्हटलं की पुढचं सांगावं लागत नाही. महाराष्ट्रात येरवडा आणि ठाणे या गावांच्या वाट्याला जे आलं, तेच इकडं धारवाडच्या. आज तिथं मानसिक आरोग्य व मज्जाविज्ञान संस्था आहे, शिकवणारे आणि बरे करणारे डॉक्टर आहेत. पण आरंभी त्या दारात माणूस आजारी म्हणून जात नसे.

१८५८ च्या कायद्यानं भटकणाऱ्या वा धोकादायक वाटणाऱ्या वेड्याला पकडून मॅजिस्ट्रेटपुढं उभं करण्याचं काम पोलिसांवर सोपवलं होतं. मॅजिस्ट्रेटनं हुकूम द्यायचा, मग इस्पितळाचं दार उघडायचं. १९१२ च्या कायद्यानं कारभार सुधारला, पुढं १९२० च्या सुमाराला ‘वेड्यांचं इस्पितळ’ जाऊन ‘मनोरुग्णालय’ आलं, तरी पोलिसामार्फत जाण्याची रीत राहिली. मनाची तातडी ही बंदोबस्ताची बाब मानली गेली. घरच्यांच्या मनात त्यातून जे बसलं ते अजून निघालेलं नाही: माणसाला तिथं नेणं म्हणजे त्याला ‘देणं’, आणि दिलेलं माणूस परत येत नाही.

प्लेग: दवाखान्याचीच भीती

लोंढ्याला रेल्वे आली १८८० च्या दशकात. सदर्न मराठा रेल्वेचा मीटरगेज घाटावरून आला आणि गोव्याच्या मुरगाव बंदरापर्यंतच्या रुळाला जोडला गेला. दहा वर्षं होतात न होतात तोच प्लेग आला. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस या मूळच्या गोमंतकीय डॉक्टरांनी तो ओळखला. ४ फेब्रुवारी १८९७ ला साथरोग कायदा झाला. चार कलमांच्या त्या आटोपशीर कायद्यात रेल्वेनं प्रवास करणाऱ्यांची तपासणी आणि संशयितांना वेगळं ठेवणं यांचा स्पष्ट उल्लेख आहे. आगगाडी थांबते तिथं डॉक्टर आणि पोलीस उभे राहिले. काख-जांघ चाचपली जाऊ लागली. वर्षभरात बेळगाव, धारवाड, हुबळीपर्यंत गाठीचा ताप पोहोचला. हुबळीत १८९८ मध्ये हाफकिनची लस मोठ्या प्रमाणावर टोचावी लागली, इतका कहर होता.

उंदीर पडला की गाव उठायचं. माळावर, शेतात झोपड्या पडायच्या, आणि मागं ओस घरं राहायची. या दिवसांतल्या मनाच्या अवस्थेची खाती कुणी मांडली नाहीत. पण प्लेगच्या वैद्यकीय वर्णनात एक गोष्ट ठळक आहे. हा ताप डोक्यात लवकर चढायचा. डोळे तांबारलेले, जीभ जड, चाल दारू प्यायल्यासारखी झोकांडी खाणारी. रोगी असंबद्ध बोलायचा, अंथरुणातून उठून पळायचा. आज अशा रोग्याला कॅज्युअल्टीत आणलं तर डॉक्टर त्याला ‘डिलिरियम’ म्हणतील, म्हणजे शरीरातल्या आजारानं मेंदूचं भान सुटणं. तेव्हा ते प्लेगचं एक लक्षण म्हणून नोंदलं गेलं आणि रोग्याबरोबरच संपलं.

भीतीला तर नोंदवहीच नव्हती. मुंबईच्या आर्थर रोड इस्पितळावर २९ ऑक्टोबर १८९६ ला सुमारे हजार गिरणी कामगारांचा जमाव चालून गेला. इस्पितळात नेलेला माणूस परत येत नाही, तिथं माणसाच्या अंगातून मोमियाई नावाचं औषध काढतात, अशा वावड्या उठल्या होत्या. पुण्यात गोऱ्या सोजिरांनी घरं तपासली, माणसं उचलली. त्या संतापातून २२ जून १८९७ ला प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली गेली. हा इतिहास आपण राजकारणाचा म्हणून शिकतो. पण त्यात एका समाजाची घाबरगुंडीही आहे. ज्या दारात मदत मागायची, तेच दार सर्वांत भयाचं झालं होतं. लोकांनी आजारी माणसं लपवली, माळ्यावर ठेवली, प्रेतंसुद्धा लपवली. जिथं तापाचा रोगीच लपवला जात होता, तिथं तापानंतर गप्प झालेली बाई किंवा पोरं गेल्यावर अन्न सोडलेला बाप कुठल्या डॉक्टरापुढं जाणार?

त्याच वर्षी पुण्याजवळ दुसरं उदाहरण घडलं. यशवंतराव फुल्यांनी हडपसरच्या बाजूला ससाणे मळ्यात दवाखाना मांडला होता. त्यांच्या आई सावित्रीबाई स्वतः रोगी आणत. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घालून तिथं आणलं, आणि त्याच रोगानं १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. हे आपण त्यागाची कथा म्हणून सांगतो. ती तातडीच्या सेवेचीही कथा आहे: रोग्यानं दवाखान्याला भ्यायचं नसेल, तर त्याला आणणारा हात ओळखीचा आणि मायेचा असावा लागतो.

मानमोडी: ताप उतरल्यावर

१९१८ चा इन्फ्लुएंझा आमच्याकडं मानमोडीचा ताप म्हणून आला. मुंबईत जूनमध्ये पहिली लाट आली, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये जीवघेणी दुसरी. आगगाडीनं आणि महायुद्धावरून परतणाऱ्या सैनिकांनी तो देशभर नेला. एकट्या मुंबई इलाख्यात दहा लाखांहून अधिक माणसं गेली, आणि बेळगाव-धारवाड तेव्हा याच इलाख्यात होते. पाऊसही त्या वर्षी दगा देऊन गेला होता. मरणारे बहुतेक तरणेताठे, म्हणजे घर चालवणारे. मागं म्हातारी माणसं आणि लेकरं उरली.

मनावर या तापाचा काय परिणाम झाला, हे इकडं कुणी मोजलं नाही. बॉस्टनमध्ये कार्ल मेनिंगर या तरुण डॉक्टरानं मोजलं. इन्फ्लुएंझानंतर मानसिक बिघाड झालेल्या शंभर रोग्यांचा अभ्यास त्यांनी १९१९ मध्ये प्रसिद्ध केला. काहींना तापातच भ्रम झाला होता, काहींना ताप उतरल्यावर. अशांतले बरेच जण पुढं सावरले, हेही त्यांनी नंतरच्या वर्षांत नोंदवलं. नॉर्वेतल्या मनोरुग्णालयांच्या जुन्या नोंदी पाहिल्या तर इन्फ्लुएंझामुळं बिघाड झाला अशी नोंद असलेले नवे रोगी साथीनंतरच्या सहा वर्षांत वाढलेले दिसतात. साथ एका हंगामात गेली, पण तिचं मनावरचं देणं सहा वर्षं फिटत राहिलं.

आपल्याकडं माणसं कमी आजारी पडली म्हणून अशा नोंदी नाहीत, असं नाही. बिघडलेलं माणूस घरात, देवळात, देवरशाच्या पाटावर राहिलं. ‘पोरगा गेल्यापासून तिचं चित्त ठिकाणावर नाही’ एवढ्या एका वाक्यात रोगाचं निदान, कारण आणि पुढची वाट, सगळं आटोपत होतं.

दार सरकू लागलं

मनोरुग्णाला भिंतीमागच्या वेगळ्या आवारातून काढून साध्या इस्पितळाच्या दारात आणण्याचं काम नंतरच्या शंभर वर्षांत झालं. कोलकात्याला गिरींद्रशेखर बोस यांनी १९३३ मध्ये सर्वसाधारण इस्पितळात मनोविकार विभाग सुरू केला. मुंबईत जे. जे. रुग्णालयात १९३८ मध्ये डॉ. के. के. मसाणी यांनी. गोष्ट साधी वाटते, पण तिनं सगळं बदललं. मोडलेला हात आणि बिथरलेलं मन आता एकाच केसपेपरवर, एकाच रांगेत येऊ शकत होतं.

लोंढ्याच्या गोव्याकडच्या वाटेवर १९६१ पर्यंत पोर्तुगिजांची सरहद्द होती. तिकडं पणजीच्या आल्तिन्यावर १९५७ मध्ये मनोरुग्णालय निघालं ते आबाद फारिया यांच्या नावानं. कांदोळीचे हे गोंयकार धर्मगुरू एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी पॅरिसात संमोहनाचे प्रयोग करत, आणि गुंगी बाहेरच्या शक्तीनं नव्हे तर माणसाच्या स्वतःच्या मनानं येते, असं ठासून सांगत. त्याच रुग्णालयाची १९८० मध्ये मानसोपचार व मानवी वर्तन संस्था झाली. आज ती बांबोळीला आहे, आणि रामनगर-लोंढ्याकडच्या लोकांना ती परकी नाही.

कर्नाटकानं आणखी एक पाऊल टाकलं. बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेनं १९८० च्या दशकात बळ्ळारी जिल्ह्यात प्राथमिक केंद्रांतल्या डॉक्टरांना मानसिक आजार ओळखायला आणि औषध द्यायला शिकवलं. तोच नमुना १९९६ मध्ये देशाचा जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम झाला. २००८ मध्ये कर्नाटकात १०८ ची रुग्णवाहिका आली.

कायद्याला मात्र फार वेळ लागला. आत्महत्येचा प्रयत्न हा भारतीय दंडविधानाच्या ३०९ कलमाखाली गुन्हा होता. त्याचा अर्थ कॅज्युअल्टीत रोज दिसायचा. रात्री दोनला वडापमधून कुणाला तरी आणतात. तोंडाला फेस, कपडे घामानं भिजलेले, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. पिकावर मारायचं औषध आहे, हे सिस्टर वासावरूनच ओळखते. कपडे उतरवले जातात, अंग धुतलं जातं, सलाईन लागते, ॲट्रोपिनच्या सुया एकामागून एक जातात आणि दर काही मिनिटांनी छातीला स्टेथोस्कोप लावून आतली घरघर कमी झाली का ते ऐकलं जातं. दाराशी भाऊ उभा असतो. डॉक्टर विचारतात, कसं झालं? भाऊ म्हणतो, ‘चुकून प्याला, साहेब. अंधारात पाण्याची बाटली समजून.’ एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची केस होणार, पोलीस येणार, हे त्याला ठाऊक असतं. जीव वाचतो, चार दिवसांनी माणूस घरी जातो, आणि ज्या दुःखानं तो तिथवर आला त्याची कागदावर एक ओळही नसते.

मुंबई उच्च न्यायालयानं १९८७ मध्ये एका मनोरुग्ण पोलीस शिपायाच्या खटल्यात हे कलम घटनाबाह्य ठरवलं. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं १९९६ मध्ये ते पुन्हा कायम झालं. सर्वोच्च न्यायालयानं १९८९ मध्ये एवढं मात्र ठणकावलं होतं की पोलिसी कागदपत्रांसाठी कुठल्याही डॉक्टरनं तातडीचा उपचार थांबवायचा नाही. अखेर २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा आला आणि मे २०१८ पासून लागू झाला. अशा माणसावर तीव्र ताण होता असंच गृहीत धरावं, त्याला शिक्षा करू नये, उलट सरकारनं त्याची काळजी घ्यावी, असं त्याचं ११५ वं कलम म्हणतं. मनाच्या तातडीत कुठलाही नोंदणीकृत डॉक्टर ७२ तासांपर्यंत उपचार करू शकतो, असं ९४ वं. १८५८ मध्ये पोलिसांच्या हाती दिलेलं माणूस १६० वर्षांनी कायद्यानं डॉक्टरच्या हाती आलं. त्यानंतर दोन वर्षांच्या आतच कोरोना आला.

कोरोना: रिकामी कॅज्युअल्टी

२२ मार्च २०२० च्या मध्यरात्रीपासून प्रवासी गाड्या थांबल्या. २५ मार्चपासून टाळेबंदी. ती २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली होती, पण राज्यांनी आधार घेतला तो पुन्हा १८९७ च्याही कायद्याचा. लोंढ्याच्या तिन्ही वाटा एकदम बंद झाल्या. गोव्यात हॉटेलांत, बांधकामांवर, मासळीच्या धंद्यात असलेली या भागातली माणसं तिकडं अडकली. पुढं निपाणीजवळ कोगनोळीच्या नाक्यावर महाराष्ट्रातून येणाऱ्यांना अहवाल दाखवल्याशिवाय सोडेनात. एकाच घरातली माणसं सीमेच्या अल्याड-पल्याड राहिली. गावांनी आपापल्या वेशी काट्या टाकून बंद केल्या, वार पाळले.

त्या दिवसांत जगभरच्या तातडीच्या विभागांत शांतता पसरली. अमेरिकेत एप्रिल २०२० मध्ये अशा विभागांत येणारे रोगी ४२ टक्क्यांनी घटले. आजार घटले नव्हते, माणसं यायला भीत होती. प्लेगमधली जुनी भीती नव्या रूपात आली: दवाखान्यात गेलो तर रोग घेऊन येऊ, किंवा परत येणारच नाही.

मनाच्या तातडीची पहिली लाट वेगळ्याच दिशेनं आली. दारूची दुकानं एका रात्रीत बंद झाली. रोज पिणाऱ्याची दारू अचानक तुटली की पहिल्या दिवशी हात कापतात, दुसऱ्या दिवसापर्यंत फिट येऊ शकते, आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान काहींचं भान सुटतं. भिंतीवर किडे दिसतात, घरची माणसं मारायला आलीत असं वाटतं, ताप चढतो. उपचार झाले नाहीत तर माणूस दगावतो. बंगळूरच्या इस्पितळांत टाळेबंदीच्या पहिल्याच आठवड्यात असे रोगी वाढलेले दिसले. केरळात डॉक्टरच्या चिठ्ठीवर दारू देण्याचा हुकूम निघाला आणि २ एप्रिलला उच्च न्यायालयानं तो थांबवला. कर्नाटकात दुकानं उघडली ४ मे रोजी. दुकानांबाहेरच्या रांगांवर त्या दिवशी देश हसला. त्या रांगेतल्या काहींना ४० दिवसांपूर्वी बी-वनची सुई आणि लोराझेपामच्या गोळ्यांची गरज होती, हे कुणी सांगितलं नाही.

दुसरी लाट औषध संपलेल्यांची. स्किझोफ्रेनियाचा किंवा उन्माद-नैराश्याच्या (बायपोलर) आजाराचा रोगी महिन्याच्या गोळ्यांवर उभा असतो. लोंढ्याच्या आसपासच्या खेड्यातून त्या आणायला बेळगाव किंवा धारवाड गाठावं लागतं. गाडी बंद, बस बंद, नाक्यावर पोलीस. ‘डोक्याच्या गोळ्या’ हे कारण नाक्यावर सांगायला जीभ रेटत नाही. फोनवरून उपचार करण्याचे नियम सरकारनं टाळेबंदीच्याच दिवशी, २५ मार्चला काढले, आणि ते खरोखर उपयोगी पडले. पण जंगलपट्ट्यात रेंज कुठं मिळते, हे इथल्या कुणालाही विचारावं.

तिसरी लाट धापेची. बोटाला ऑक्सिमीटर लावून माणसं रात्रभर आकड्याकडं बघत बसली. ९८ दिसत असतानाही छाती आवळायची, बोटं बधिर व्हायची, आता जातो असं वाटायचं. घबराटीचा झटका आणि फुप्फुसाचा दाह दोन्ही ‘दम लागतो’ याच शब्दांत येतात. २०२१ च्या एप्रिल-मेमध्ये, ऑक्सिजनसाठी वणवण चालू असताना, ते वेगळं करायला डॉक्टरांना उसंत नव्हती. वॉर्डात भान सुटून नळ्या उपसणारे रोगी होते, आणि नातेवाईक बाहेर. प्लेगच्या रोग्याचं १२५ वर्षांपूर्वीचं वर्णन तिथं अक्षरशः जिवंत झालं होतं.

आणि शेवटची लाट सर्वांत उशिरा आली. २१ देशांच्या एका पाहणीत २०२० च्या सुरुवातीच्या महिन्यांत आत्महत्या वाढलेल्या दिसल्या नाहीत. आपल्याकडं राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे आकडे पाहा: २०१९ मध्ये १,३९,१२३, २०२० मध्ये १,५३,०५२, २०२१ मध्ये १,६४,०३३, २०२२ मध्ये १,७०,९२४. साथ ओसरली तरी आकडा चढत राहिला. सगळं खापर साथीवर फोडता येणार नाही. कर्ज, बेकारी, घरातली भांडणं आधीही होती. पण २०२१ मध्ये जीव दिलेल्यांत रोजंदारीवरची माणसं ४२,००४ होती, म्हणजे चौघांत एक. मुलांमधली लाटही उशिराच दिसली. अमेरिकेत २०२१ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये जीव देण्याच्या प्रयत्नाच्या संशयावरून तातडीच्या विभागात आलेल्या १२ ते १७ वयाच्या मुलींची संख्या २०१९ च्या तुलनेत निम्म्यानं वाढलेली होती. शाळा सुटल्यावर, मैत्रिणी तुटल्यावर वर्षभरानं.

पुढच्या हुकमात काय असावं

तीन साथींचा हा माग एकच गोष्ट सांगतो. साथीत कॅज्युअल्टी रिकामी दिसली म्हणजे मनं शाबूत आहेत असं नाही. वाट बंद आहे एवढाच त्याचा अर्थ. म्हणून पुढची साथ येईल तेव्हा आधी वाट सांभाळली पाहिजे.

मानसिक आजाराची औषधं पहिल्या दिवसापासून अत्यावश्यक धरावीत, ती तीन महिन्यांची एकदम द्यावीत आणि नाक्यावर त्यासाठी कारण विचारू नये. दारू बंद करायची असेल तर त्याच दिवशी लोंढ्यासारख्या प्रत्येक गावाच्या प्राथमिक केंद्रात दारू तुटल्यावरच्या उपचाराची औषधं आणि ती वापरणं शिकलेला डॉक्टर हवा. बळ्ळारीनं हे जमतं असं ४० वर्षांपूर्वी दाखवलं आहे. कॅज्युअल्टीत विषाचा उतारा झाला की माणसाला घरी धाडण्याआधी त्याच्याशी त्याच्या बोलीत, मराठीत, कन्नडात, कोकणीत वा उर्दूत, कुणीतरी अर्धा तास बोललं पाहिजे, आणि पंधरा दिवसांनी आशाताईनं त्याच्या घरी डोकावलं पाहिजे. १० ऑक्टोबर २०२२ पासून टेलि-मानस ही फुकट सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालते, मराठी आणि कन्नडातही. तो क्रमांक १०८ इतकाच पाठ व्हायला हवा.

आणि साथ संपल्याचं जाहीर झालं की त्या दिवशी हे काम गुंडाळायचं नाही. मानमोडीनं सहा वर्षं घेतली, कोरोनाच्या तिसऱ्या वर्षीही आत्महत्यांचा आकडा चढत होता. मनाची तातडी सर्वांत शेवटी दाराशी येते, तेव्हा ते दार उघडं आणि दाराशी माणूस जागं असायला हवं.